विम्याचा पैसा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटण्याच्या वेळेस आमच्या गांवच्या एका सुताराची विधवा बायको आपल्या दोन मुलींस घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या हातांत प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेली एका कागदाची झेरॉक्स प्रत होती. "गुरुजी, ह्यात माझं नांव कुठं हाय तेवढं दावा," एवढेंच ती म्हणाली. कागद तिच्या मयत नवऱ्याच्या आयुष्याच्या विम्याचा होता आणि सारा इंग्रजींत होता. मीं तो दोन वेळां वाचला. तिचें नांव त्यांत कोठेंही नव्हतें. नॉमिनीच्या रकान्यांत तिच्या थोरल्या दिराचें नांव होतें.

झालें होतें असें. नवऱ्यानें विमा उतरविला तेव्हां त्याचें लग्न झालेलें नव्हतें. एजंटानें विचारलें, "नॉमिनी कोण लावूं?" त्यानें भावाचें नांव सांगितलें. पुढें लग्न झालें, दोन मुली झाल्या, हप्ते भरले गेले, पण तो रकाना तसाच राहिला. मग एके दिवशीं विहिरीवरच्या मोटरीचा धक्का बसून तो कर्ता पुरुष गेला. विम्याचे दोन लाख रुपये भावाच्या खात्यावर जमा झाले आणि त्यानें ते ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्यांत घातले. "भावाचा पैसा भावाला आला, त्यांत बाईमाणसाचा काय संबंध?" असें तो चावडीपाशीं उघड बोलत असे, आणि सांगावयास शरम वाटते, गांवांतील पुष्कळ शहाण्या मंडळींस तें बोलणें बरोबर वाटत असे.

मीं तिला विचारलें, "वहिनी, हप्त्याचा पैसा कोठून येत होता?" ती म्हणाली, "ते घडवायचे, मी इकायची. बाजाराच्या दिवशी पोळपाट, लाटणी, खुरप्याच्या मुठी डोक्यावर मीच न्यायची. हप्त्याच्या महिन्यात त्यातलं पैसं पदराला गाठ मारून आणायची आन् एजंटाच्या हातात मीच द्यायची."

वाचक बंधुभगिनींनो, याचा हिशेब तुम्हीच करा. घाम दोघांचा, पावती एकाची आणि रक्कम तिसऱ्याच्या खात्यावर! हा एका सुताराच्या घरचा प्रकार नव्हे. कुणब्याच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या, धनगराच्या, चांभाराच्या ज्या ज्या घरांत पत्र्याच्या पेटींत विम्याचा कागद पडला आहे, त्या त्या घरांत हा प्रसंग केव्हांही येऊं शकतो. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहें.

प्रथम आपल्याच मंडळींस एक बोल लावणें भाग आहे. पूर्वी पोथी संस्कृतांत असे. अर्थ सांगणारा दुसरा, दक्षिणा देणारे आपण, आणि "याचा अर्थ काय?" असें विचारण्याची सोय नव्हती. ही गुलामगिरी मोडावी म्हणून जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. आज दीडशें वर्षांनीं आपण विम्याच्या कागदापुढें तसेच हात जोडून बसतों. कागद इंग्रजींत, अर्थ सांगणारा एजंट, हप्ता देणारे आपण, आणि फुली मारली असेल तेथें सही! त्या काळीं भटजीला दोष देतां येत होता. या कागदावर भटजीनें सही केलेली नाहीं, ती आपण केली आहे. बायकोचें नांव भटजीनें गाळलेलें नाहीं, तें आपण गाळलें आहे.

आतां कायदा काय सांगतो तें सोप्या शब्दांत मांडतों. पहिली गोष्ट ही कीं, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमांत नॉमिनी नेमण्याची तरतूद आहे. या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं सरबतीदेवी विरुद्ध उषादेवी या खटल्यांत उलगडून सांगितला. त्या खटल्यांत मयताची बायको नॉमिनी होती, तरी मयताची आई व मुलगा यांनीं आपापला वांटा मागितला. न्यायालयानें सांगितलें कीं, नॉमिनी हा केवळ पैसे घेणारा हात आहे. त्याच्या हातीं पैसे दिले म्हणजे कंपनी मोकळी झाली. त्या पैशाची मालकी मात्र वारसांची. त्याप्रमाणें आई, बायको व मुलगा यांना सारखे वांटे मिळाले.

मग वारस कोण? मृत्युपत्र केलेलें नसेल तर हिंदु पुरुषाच्या बाबतींत १९५६ चा वारसा कायदा लागतो. बायको, मुलगे, मुली व आई हीं सारीं पहिल्या वर्गांतील वारस असून प्रत्येकास सारखा वांटा आहे. यांपैकीं एकही माणूस हयात असेल तोंवर भावाचा संबंध येत नाहीं. मुसलमान बांधवांचे वांटे शरियतीप्रमाणें आणि ख्रिस्ती बांधवांचे १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें निराळे पडतात. पण बायको व मुलें यांना सोडून सगळा पैसा भावानें घ्यावा असें त्या कायद्यांतही नाहीं. तेव्हां आमच्या सुताराच्या दोन लाखांचे चार वांटे होते: बायको, दोन मुली व म्हातारी आई, प्रत्येकीचे पन्नास हजार. ट्रॅक्टरवाल्या भावाचा त्यांत एक रुपयाही नव्हता. हें त्याला ठाऊक नव्हतें, तिला ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगायचें तर तो कागद हातीं येईपर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हतें. मुलांस नफातोट्याचीं गणितें शिकविणाऱ्या मास्तरास हें माहीत नसावें, ही माझीही चूकच.

२०१५ सालीं या ३९ व्या कलमांत सुधारणा झाली. आईबाप, नवरा किंवा बायको, आणि मुलें यांपैकीं कोणाला नॉमिनी केलें असेल, तर तो नुसता पैसे घेणारा हात न राहतां त्या पैशाचा हक्कदार होतो, असें कायद्यांत घालण्यांत आलें. भाऊ, पुतण्या, मित्र हे नॉमिनी असले तर ते पूर्वीप्रमाणें पैसे घेऊन वारसांच्या स्वाधीन करण्यापुरतेच. ही सुधारणा चांगली आहे. पण तिच्यावरही वाद चालू राहिले, आणि २०२५ सालीं कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, वारसांनीं दावा केला तर या नव्या कलमाखालच्या नॉमिनीलाही वारसाहक्कापुढें मागें सरावें लागेल. याचा अर्थ इतकाच कीं, बायकोचें नांव नॉमिनीच्या रकान्यांत घालणें अवश्य आहे, पण तेवढ्यानें तंटा मिटला असें धरून निजूं नये.

याहून भक्कम असा एक जुना कायदा आहे आणि तो आपल्या खेड्यांत कोणी सांगत नाहीं. त्याचें नांव विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, साल १८७४. त्याच सालीं मुंबईंत ओरिएंटल ही विमा कंपनी निघाली. म्हणजे आपल्या इलाख्यांत विम्याचा धंदा आणि हा कायदा हे जवळजवळ जुळे भाऊ. या कायद्याचें सहावें कलम असें आहे: विवाहित पुरुषानें आपल्या आयुष्याचा विमा उतरवून त्या कागदावरच "हा विमा माझ्या बायकोच्या किंवा मुलांच्या किंवा दोघांच्या हितासाठीं आहे" असें लिहविलें, तर तो विमा बायकोमुलांची ठेव होतो. त्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाहीं, नवऱ्याच्या सावकारांचा हात पोंचत नाहीं, आणि ज्यांच्यासाठीं ती ठेव केली त्यांपैकीं कोणी हयात असेपर्यंत तो पैसा नवऱ्याच्या इस्टेटींत धरला जात नाहीं. इस्टेटींत नाहीं म्हणजे वांटणींतही नाहीं. कपटानें देणेकऱ्यांस बुडवावें म्हणून काढलेल्या विम्यास मात्र हें संरक्षण नाहीं. आणि तें योग्यच आहे.

आतां गंमत पाहा. हें कलम आपल्याकडील हिंदु, मुसलमान, शीख व जैन यांस लागू झालें तें १ एप्रिल १९२३ नंतरच्या विम्यांस. मद्रास इलाख्यांत तें ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या विम्यांस लागू धरलें गेलें. म्हणजे आपल्या आयाबहिणींसाठीं हें दार उघडल्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. शहरांतील डॉक्टर, व्यापारी, कारखानदार या दारांतून आपली बायकोमुलें सुरक्षित नेतात, कारण त्यांचे वकील त्यांना तें दाखवितात. कर्ज जर कोणाच्या डोक्यावर जास्त असेल तर तें शेतकऱ्याच्या. उघडीं पडण्याची भीति जर कोणाला जास्त असेल तर शेतकऱ्याच्या बायकोला. आणि हें दार माहीत नसलेलीही तीच.

या कामाला जादा पैसा पडत नाहीं. विम्याचा अर्ज भरतांनाच एक जोडपत्र भरून द्यावयाचें असतें. त्यांत बायकोचें व मुलांचें नांव, कोणाला किती वांटा, आणि पैसे ताब्यांत घेऊन त्यांना देणारा विश्वस्त कोण, हें लिहावयाचें. विश्वस्त म्हणून सज्ञान बायकोलाच नेमतां येतें. कोणीच विश्वस्त नेमला नाहीं तर पैसा सरकारी विश्वस्ताकडे जातो व हेलपाटे वाढतात, म्हणून तें नांव विसरूं नये. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी: हें काम आरंभींच करावें लागतें. जुन्या विम्यावर मागाहून हा शिक्का मारून मिळत नाहीं. जुना विमा असेल त्यानें निदान नॉमिनी बदलावा. तो बदल मात्र विमा चालू असेपर्यंत केव्हांही करतां येतो.

हें सारें मीं आमच्या पारावर सांगितलें तेव्हां जे आक्षेप आले, त्यांचा येथें विचार करतों. कारण तेच आक्षेप प्रत्येक पारावर येणार.

पहिला आक्षेप: "बायकोच्या हातीं पैसा दिला आणि उद्यां तिनें दुसरें लग्न केलें तर?" मी म्हणतों, केलें तर केलें! विधवेच्या लग्नास विरोध करणाऱ्यांशीं आपल्या चळवळीनें जन्मभर भांडण केलें आणि आतां पैशाचा प्रश्न येतांच आपण त्यांचीच भाषा बोलूं लागलों काय? १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्यानें लग्नाची मोकळीक दिली, पण पुन्हां लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतील हक्क काढून घेतला होता. तो कायदा १९८३ सालीं रद्द झाला. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें तिला मिळालेला वांटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो. पुढें तिनें लग्न केलें म्हणून तो परत घेतां येत नाहीं. पुरुष बायको मेल्यावर वर्षाच्या आंत बोहल्यावर चढतो, तेव्हां तिच्या अंगावरच्या दागिन्यांचा हिशेब कोणी मागतो काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांस आरसा दाखविला. तो आरसा अद्याप फुटलेला नाहीं.

दुसरा आक्षेप: "बायकांना व्यवहार कळत नाहीं, तिचे भाऊ पैसा खातील." ज्या बाईनें बाजारांत बसून लाटण्यांचा भाव केला, हप्त्याची तारीख लक्षांत ठेवली, उधारी वसूल केली, तिला व्यवहार कळत नाहीं आणि ज्यानें न वाचतां सही केली त्याला कळतो, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. आज गांवोगांव बचतगटांचीं खातीं बायकाच चालवितात. भाऊ पैसा खातील ही भीति असेल तर दीर खातो त्याचें काय? आमच्या गांवीं तर दिरानेंच खाल्ला.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: "म्हाताऱ्या आईचें काय? तिनें उपाशीं मरावें काय?" मुळींच नाहीं. आईचा हक्क खरा आहे आणि सून-सासूचें भांडण लावणें हा आमचा हेतु नाहीं. १८७४ च्या कायद्यांत केवळ बायको व मुलें येतात, आई येत नाहीं, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून ज्याच्या मागें म्हातारी आई आहे त्यानें तिच्यासाठीं निराळा, लहान कां होईना, विमा घेऊन तिला नॉमिनी करावें, किंवा मृत्युपत्रांत तिची सोय लिहून ठेवावी. आपलें माणूस जिवंतपणीं जी वांटणी शांत डोक्यानें लिहून ठेवतो, ती तेराव्याच्या दिवशीं भांडून केलेल्या वांटणीपेक्षां शंभर पटींनीं बरी.

चौथा आक्षेप रोकडा आहे: "मला अडचण आली तर त्या विम्यावर कर्ज काढतां येणार नाहीं." खरें आहे. एकदां १८७४ च्या कायद्याखालीं विमा केला कीं तो मागें घेतां येत नाहीं. त्यावर आपल्या मर्जीनें कर्ज उचलतां येत नाहीं. मुदत भरून मिळणारी रक्कमही बायकोमुलांचीच. नवराबायकोचें पुढें पटलें नाहीं तरी तिचें नांवानिशीं लिहिलेलें नांव त्याला आपल्या लहरीनें पुसतां येत नाहीं. म्हणून आपल्या म्हातारपणाची पुंजी या विम्यांत घालूं नये. ती निराळी ठेवावी. पण जो विमा आपण मेल्यावर घर उभें राहावें म्हणून घेतों, त्यावर आपल्याला हात मारतां येत नाहीं हा त्याचा दोष कीं गुण? विहिरीवर कठडा बांधला तर गडी म्हणूं लागला, "आतां मला आंत पडतां येत नाहीं!" तशांतली ही तक्रार.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. नवऱ्याच्या नांवानें कमावलेला पैसा एकट्या नवऱ्याचा कीं संसाराचा? आपल्या महाराष्ट्रांत कायद्यानें नवराबायकोची मालमत्ता निरनिराळी धरली आहे. ज्याच्या नांवावर कागद, त्याची वस्तु. काडीमोड झाला तर बायकोला पोटगी मागतां येते, तिचें स्त्रीधन तिचेंच राहतें. पण संसारांत वाढलेल्या मिळकतीचा अर्धा वांटा तिला आपोआप मिळत नाहीं. आणि येथून हाकेच्या अंतरावर, गोव्यांत काय आहे? पोर्तुगीजांच्या वेळचा १८६७ चा दिवाणी कायदा तेथें विवाहाच्या बाबतींत टिकून राहिला. लग्नाआधीं दुसरा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत समाईक, आणि त्यांत दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. बांद्यापलीकडची शेतकरीण अर्ध्याची धनीण, आणि बांद्याअलीकडची तिचीच मावसबहीण नवऱ्याच्या भावाच्या तोंडाकडे बघते! दोघींचें बोलणें एक, नाचणीची भाकरी एक. फरक काय तो कायद्याच्या पुस्तकाचा.

न्यायासनांसही ही गोष्ट हळूहळू उमगत आहे. जून २०२३ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें एका खटल्यांत सांगितलें कीं, नवरा बाहेर कमावूं शकतो तो बायको घर सांभाळते म्हणून. तेव्हां त्या कमाईंतून घेतलेल्या मिळकतींत तिच्या घरकामाचाही वांटा आहे. आमची सुतारीण तर घरकामही करीत होती आणि बाजारही करीत होती. शेतकऱ्याच्या घरांत बायकोचें काम मोजावयास बसलें तर पुरुषाच्या कामापेक्षां कमी भरत नाहीं. पहाटे चुलीपासून रात्रीं गोठ्यापर्यंत तिचा दिवस. खुरपणी तिची, लावणी तिची, काढणी तिची. सातबाऱ्यावर तिचें नांव नाहीं, विम्यावर तिचें नांव नाहीं. तिचें नांव फक्त लग्नपत्रिकेवर आणि रेशनकार्डावर!

बायकोच्या आयुष्याच्या विम्याबद्दलही दोन शब्द. "ती कोठें कमावते?" म्हणून तिचा विमा कोणी उतरवीत नाहीं. पण ती गेली म्हणजे त्या घराचे किती हाल होतात हें आपण पाहतोंच. बाईनें आपल्या नांवें काढलेला विमा ही तिची स्वतःची मालमत्ता आहे. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें हिंदु स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण आहे. नवऱ्याच्या सहीवांचून ती आपला नॉमिनी ठरवूं शकते. मात्र १८७४ च्या कायद्याची ठेव फक्त विवाहित पुरुषाला करतां येते, बाईला नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं बाई कमावते हें कोणाच्या गांवीं नव्हतें म्हणून तसें लिहिलें गेलें. आज तें तसेंच ठेवण्याचें कारण नाहीं. आईलाही आपल्या मुलांसाठीं अशी अभंग ठेव करतां आली पाहिजे. आणि विवाहित माणसाच्या विम्यावर दुसरें कांहीं लिहिलेलें नसेल तर तो बायकोमुलांच्या हिताचाच मानावा, असा कायदा व्हावा. या दोन मागण्या आपल्या आमदार-खासदारांपुढें गांवसभेचा ठराव करून मांडाव्या, असें आमचें मत आहे.

पण सरकार कायदा करील तेव्हां करील. तोंवर आपल्या हातचीं कामें आपण करावीं. आज रात्रीं जेवणें झाल्यावर पेटी उघडावी. विम्याचा प्रत्येक कागद बाहेर काढून दिव्याखालीं बायकोच्या समोर वाचावा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्यावा. नॉमिनी कोण आहे तें पाहावें. लग्नाआधींचें नांव राहिलें असेल तर बदलाचा अर्ज विमा कचेरींत देऊन पोंच घ्यावी. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीनें पैसे घेणारा कोण नेमला आहे तें पाहावें. तेथें चुलत्याऐवजीं आईचें नांव असावें. बॅंकेच्या खात्यांतून दरसाल परस्पर हप्ता कापला जाणारे दोन सरकारी विमेही पुष्कळांचे आहेत: २०१५ सालीं निघालेले जीवनज्योति व सुरक्षा विमा, ज्यांचा वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून अनुक्रमें ४३६ व २० रुपये झाला, आणि दोहोंची रक्कम दोन दोन लाख. पुष्कळ बायकांना आपल्या नवऱ्याचा असा विमा आहे हेंच ठाऊक नसतें. बॅंकेंत जाऊन त्यांचाही नॉमिनी तपासावा. नवा विमा घेणाऱ्यानें एजंटाला स्पष्ट सांगावें, "१८७४ च्या कायद्याचें जोडपत्र आण, नाहींतर अर्ज आण नको." आणि कोणाच्याही कर्जासाठीं विम्याचा कागद दुसऱ्याच्या नांवें करून देण्याआधीं तो कोऱ्या जागेसह सही करून देऊं नये.

ज्या बहिणीवर आधींच प्रसंग ओढवला असेल तिनें खचूं नये. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीची कचेरी असते, तेथें साधा अर्ज द्यावा. आमच्या सुतारणीनें तसेंच केलें. नोटीस गेली, दीर पहिल्यांदा उसळला, मग वकिलानें त्यास वारसांची यादी समजावली, आणि शेवटीं लोकअदालतींत तडजोड झाली. आईचा वांटा आईच्या नांवें बॅंकेंत ठेवावयाचा, आणि बायकोमुलींच्या दीड लाखांपैकीं एक लाख दोन हप्त्यांत द्यावयाचे असें ठरलें. पन्नास हजारांवर तिनें पाणी सोडलें. "भांडत बसू का पोरींना शिकवू?" असें ती म्हणाली. ते पन्नास हजार कोणी बुडविले? दिरानें बुडविले हें खरें. पण त्याआधीं एका रिकाम्या ठेवलेल्या विचारानें, एका न बदललेल्या रकान्यानें बुडविले. तिचा नवरा वाईट नव्हता. बायकोमुलींवर त्याचा जीव होता. पण कागदावर जीव दिसत नाहीं, नांव दिसतें.

जोतीरावांनीं १८८७ सालीं आपलें मृत्युपत्र लिहून रीतसर नोंदविलें. दत्तक पुत्र यशवंत याच्या हक्कास आपल्या मागें कोणी आडवें येऊं नये म्हणून त्या थोर पुरुषानें जिवंतपणींच कागद पक्का केला. जो माणूस साऱ्या समाजाची काळजी वाहत होता त्याला आपल्या घरच्या कागदाची काळजी घेणें कमीपणाचें वाटलें नाहीं. त्याचें नांव घेणाऱ्या आपण मंडळींनीं निदान एवढें अनुकरण करावें. त्याच्या तसबिरीला हार घालण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून नॉमिनी बदलण्याचा अर्ज लिहिण्यास फारसा जास्त लागत नाहीं.

त्या दोन मुलींपैकीं थोरली माझ्या वर्गांत आहे. परवां मराठीच्या तासाला मीं मुलांस अर्जलेखन शिकविलें. नेहमींचा सुट्टीचा अर्ज न देतां, नॉमिनी बदलण्याचा अर्ज फळ्यावर लिहून दिला आणि प्रत्येकानें तो घरीं नेऊन वडिलांस वाचून दाखवावा असें सांगितलें. त्या मुलीनें तो सर्वांत सुंदर अक्षरांत लिहिला. तिच्या घरीं आतां तो वाचून दाखविण्यासारखा कोणी नाहीं. तुमच्या घरीं आहे. तुमची मुलगी असा अर्ज घेऊन आली तर तो नीट ऐका, आणि सही करा.

— एक खेड्यांतील शिक्षक